‘हे बघ’ म्हणून पाठवलेली लिंक

प्रिय ईशू,

बाबाने हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस. फोन तू उचलत नाहीस, माझ्या मेल उघडतेस की नाही याचा भरवसा नाही, म्हणून हे तुझ्या मैत्रिणीच्या, अस्मिताच्या, पेंडल हिलच्या घरच्या पत्त्यावर एक्सप्रेस पोस्टाने पाठवतोय. इकडे घरी, गुंगालिनला, थंडीने बोटं आखडलीत, अक्षर सांभाळून घे.

युनिव्हर्सिटी सोडून तू गेलीस, त्यावर आता वाद नको. माझ्या जिवाला घोर लागलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा. मागे मी तुला एक लिंक पाठवली होती, वर नेहमीसारखं नुसतं ‘हे बघ’. तू मला चिडवायचीस ना, बाबा बोलत नाही, लिंका पाठवतो म्हणून. तर त्यावर तुझं काहीच आलं नाही. तू बघून गप्प बसलीस असं आम्ही धरून चाललो. आई सारखी फोन उचलून बघते आणि पुन्हा पालथा ठेवते.

काल ऑफिसात एक तक्रार आली. वेबपत्त्याचे तुकडे करून ते पुन्हा नीट जोडणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमचा तयार संच, मी सांभाळतो, तुला माहीत आहे. इंग्रजीखेरीज अक्षर आलं की ते टक्क्याची खूण आणि आकडे यांत बदलावं लागतं. आमचा प्रोग्रॅम आधीच बदललेलं पुन्हा बदलत होता, आमटीत दोनदा मीठ पडावं तसं. पत्ता दिसायला ठीक, पण तिथे पानच नाही. चाचण्या सगळ्या इंग्रजी नावांच्या, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. दुरुस्ती झाली, सगळे ‘नो वरीज, मेट’ म्हणाले, आणि मला तुला पाठवलेली लिंक आठवली. ती मी त्याच प्रोग्रॅममधून काढली होती. तिच्यात आईने तुझ्यासाठी केलेला व्हिडिओ होता, आणि त्याला तिने मराठीत नाव दिलं होतं, ‘ईशूसाठी’. घरी येऊन ती लिंक उघडली. पान सापडत नाही, एवढंच आलं.

आता नव्या लिंकवर माझा विश्वास नाही, म्हणून सरळ लिहितो. आईच्या छातीत गाठ सापडली आहे. गुरुवारी ऑपरेशन आहे. व्हिडिओत शेवटी ती म्हणते, ‘रागावली असलीस तरी ये. आत जाताना मला तुझा हात हवाय.’ पोरीने हे ऐकलं आणि तरी आली नाही, असं समजून ती हॉस्पिटलची बॅग भरतेय. मी तिला लिंकचं सगळं सांगितलं. तिला वाटतं, मी तुझी बाजू सावरतोय. माझं ती ऐकणार नाही गं. तू ये.

तुझाच,
बाबा