शेवटच्या घरापासून

डनफर्ड, व्हरमाँट
९ फेब्रुवारी २०२३

चि. कोरा हिस हेस्टरआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. मोडलेला खुबा सांधला आहे, काठी घेऊन घरभर फिरते. जिना तेवढा जमत नाही. तुझ्या बाबाने रटलंडच्या वृद्धाश्रमात येत्या नोव्हेंबरपासून माझ्यासाठी खोली सांगून ठेवली आहे. त्याचं चुकतं असं नाही. उद्या पडले, तर ऐकायला फक्त मांजर.

तू इथे येऊन राहीन म्हणतेस, त्याने जीव हरखला. पण तुझं काम दिवसभर पडद्यासमोरचं. बहिऱ्या रुग्णांच्या खुणा डॉक्टरांना सांगायच्या. इंटरनेटवाचून ते कसं होणार? आमच्या रस्त्यावर अकरा घरं, त्यात माझं टोकाचं. एवढ्यांसाठी तार ओढणं परवडत नाही, असं कंपनीने तीनदा कळवलं. आता गाव स्वतःच ओढायचं म्हणतंय. वीस गावांच्या संघात सामील व्हायचं आणि सरकारी अनुदान घ्यायचं. मार्चच्या गावसभेत ठराव आहे. ऑरिन टटल विरोध करणारच. त्याने चाळीस वर्षं गावच्या रस्त्यांवरचा बर्फ काढला आणि चाळीस वर्षं प्रत्येक ठरावाला नाही म्हटलं.

लोभ असू दे, आणि जमलं तर करडी लोकरही पाठव.
तुझी आत्या

बॉस्टन
१८ फेब्रुवारी

ती. हेस्टरआत्यास कोराचा शि. सा. न.

लोकर पाठवली आहे. ऑरिनकाकांचं कोडं बाबाने सोडवलं. त्यांनी तरुणपणी तुला नाचायला विचारलं होतं आणि तू नाही म्हणालीस म्हणे. तेव्हापासून तेही नाहीच म्हणतात. म्हणजे दोष तुझाच! ऑक्टोबरअखेर तार आली तर खोली सोडून देईन, असं मी बाबाकडून कबूल करून घेतलंय. त्यापुढे एक दिवसही थांबणार नाही म्हणाला.

लोभ आहेच, तो वाढवताना मेपलच्या पाकाची एक बाटलीही राखून ठेव.
तुझी कोरा

डनफर्ड
९ मार्च

चि. कोरा हिस आशीर्वाद.

मंगळवारी सभा झाली. तुझ्या बाबाला सांग, तेव्हा नाचायला मी नाही म्हणाले कारण ऑरिन बुटासकट माझ्या पायावर उभा होता.

आमच्या ग्रंथपालबाई चार वर्षं एक पैसा न घेता हे काम ओढताहेत. त्यांनी नकाशा लावला. सुरुवात गावच्या चौकापासून, टोकाची घरं दोन वर्षांनी. विणता विणता माझे सुयांवरचे टाके सुटले. दोन वर्षं म्हणजे रटलंडच.

तेवढ्यात ऑरिन उठला. लोक उसासे टाकायला लागले. तो म्हणाला की बर्फ काढताना आपण गाडी आधी टेकडीच्या माथ्यावर न्यायचो आणि तिथून खाली यायचो. खालच्यांना ओरडता येतं, त्यांचं काम होतंच. वरच्याचं कोणी ऐकत नाही. म्हणून तारेचं कामही शेवटच्या घरापासून सुरू करावं, अशी दुरुस्ती त्याने मांडली. इंजिनियर डोकं खाजवून म्हणाला की मुख्य तार वरपर्यंत न्यायचीच आहे, तेव्हा घरं उलट क्रमाने जोडता येतील. दुरुस्ती हसत हसत मंजूर झाली.

मग मूळ ठरावाला हात वर करायची वेळ आली. सगळ्या सभागृहात नाही म्हणणारा एकच हात. ऑरिनचा! सभेनंतरच्या जेवणात बीन्स वाढून घेताना मी जाब विचारला, तर म्हणाला की चाळीस वर्षांची सवय एका तारेसाठी मोडू काय?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आत्या

डनफर्ड
१९ ऑक्टोबर

चि. कोरा हिस आशीर्वाद.

तार आली! गेल्या शुक्रवारी दुपारी दोन माणसं खांबावर चढली आणि चहा गार व्हायच्या आत खाली उतरली. तुझ्या बाबाचा चेहरा पडद्यावर पाहिला, जाड झालाय. खोली सोडल्याचं त्याने तिथूनच सांगितलं. तुझा पलंगपोस उन्हात घातला आहे.

ऑरिनलाही जोडणी हवी का म्हणून विचारलं. अर्थातच नको म्हणाला. रोज संध्याकाळी बर्फाचा अंदाज बघायला मात्र माझ्याकडे येतो.

बॉस्टनला ट्रक नेऊन कोराचं सामान आणशील का, असं काल त्याला सहज विचारलं. त्याने टोपी घातली, दाराची कडी काढली.

हो म्हणाला.

तेव्हा लोभासकट लवकर ये.
तुझी आत्या