लाल लोकर बांधलेली काठी

गेल्या बुधवारी सकाळी सव्वाअकरा वाजता सुन्निवा माझ्याशेजारी बर्फावर पालथी झोपली आणि माझं आयुष्य बदललं. पुढच्या पाच मिनिटांत मी ते स्वतःच्या हाताने बिघडवलं. म्हणून मी, आयलेव ब्रातेस्टोल, वय बावीस, कायद्याचं कॉलेज दीड वर्षात सोडलेला, आज शनिवारी ब्लोवत्न तलावाकाठच्या कोळ्यांच्या खोपीत बसून, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि खोप सांभाळणाऱ्या गुडवेगमावशीच्या कॉफीखेरीज काहीही प्यायलेलं नसताना, पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

इथले जुने कोळी तोरग्रिमकाका यांचं म्हणणं असं, की शुद्धीवरचा माणूस आज ओढ्याच्या तोंडाशी जाणारच नाही. तेही नोंदवून ठेवतो.

१. कारण. बर्फाला भोक पाडायचं, रेनडियरचं कातडं अंथरून त्यावर पालथं पडायचं, डोक्यावरून कोट ओढून भोकात बघायचं. उजेड अडला की तळाचा खडान्‌खडा दिसतो. एका कोटाखाली दोघांची डोकी मावतात हे मला बुधवारी कळलं. सुन्निवाच्या हातात तिच्या आजोबांची गळाची काठी होती: वीतभर, जुनिपरच्या लाकडाची, गळाची दोरी आणि टोकाला लाल लोकर बांधलेली. आजोबा पानगळीत गेले. त्यांनी स्वतः कोरलेलं एवढंच तिच्याकडे उरलंय. खाली एक ट्राउट मासा येऊन गळासमोर थांबला.

"हलू नकोस," ती कुजबुजली, "विचार करतोय तो."

मला तेवढाही धीर धरवला नाही. म्हटलं, "आपण इथेच राहू. कायमचे."

"आणि तुझं कॉलेज?"

"गेलं खड्ड्यात!"

"म्हणजे पुढची चाळीस वर्षं मी तुझं 'शिकलो असतो तर' ऐकत बसू?"

मी तिच्या हातातली काठी हिसकावली आणि भोकात फेकली. त्याच क्षणी ट्राउटने गळ गिळला आणि काठीसकट बर्फाखाली पसार झाला. सुन्निवा उठली, गुडघ्यांवरचा बर्फ झटकला, स्की चढवल्या आणि खाली गावाकडे निघून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

लाकूड बुडत नाही. ते बर्फाला खालून चिकटून कुठेतरी असणार, म्हणून गेल्या तीन दिवसांत मी त्रेचाळीस भोकं पाडली. आज सकाळी तोरग्रिमकाकांना दुर्बिणीतून लाल लोकर दिसली. तलावातून ओढा बाहेर पडतो त्या तोंडाशी, बर्फाच्या तुटक्या कडेला काठी अडकली आहे. तिथला बर्फ प्रवाहाने खालून खाल्लेला असतो. त्यात दक्षिणेचा ऊबदार वारा सुटलाय. संध्याकाळपर्यंत कड तुटेल आणि काठी धबधब्यावरून जाईल.

मी बूट बांधायला बसलो तर काका म्हणाले, "थांबा की वकीलसाहेब! आधी मृत्युपत्र लिहा. तुमचं गिरमिट मला पाहिजे."

ते थट्टा करत होते. मी कागद मागितला.

२. गिरमिट. बर्फाला भोक पाडायचं माझं गिरमिट, मुठीसकट, तोरग्रिम हौगेन यांना द्यावं. मागच्या ईस्टरला माझा ट्राउट एक किलो नऊशे ग्रॅम भरलेला असताना यांनी गावभर एक किलो चारशे सांगितला. ती गोष्ट मी विसरलेलो नाही. तरी नवव्या वर्षी यांनीच मला बर्फावर काठी आपटून ऐकायला शिकवलं. जाड बर्फ ढबढबतो, पातळ बर्फ किणकिणतो. त्या कानांवर मी आजवर जिवंत आहे, म्हणून गिरमिट यांचंच. अट एवढीच, की दर नवीन भोकाला यांनी "एक किलो नऊशे" असं मोठ्याने म्हणावं.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असा आमच्याकडचा कायदा आहे. कॉलेजातलं एवढं तरी कामी आलं. हे सांगताच काका म्हणाले, "मग मी नाही सही करत. गिरमिट चांगलंय." सबब दुसऱ्या साक्षीदाराची जागा, स्कीच्या वाटेने कोणी येईपर्यंत, रिकामी आहे.

३. पुस्तकं आणि जागा. कायद्याची पुस्तकं वडिलांना. कॉलेज सोडून आलो त्या दिवशी ते स्टेशनवर माझ्या स्की घेऊन उभे होते. का सोडलंस, हे त्यांनी विचारलं नाही. "कान गार पडलेत का रे?" एवढंच विचारलं आणि स्वतःची टोपी मला घातली. बाबा, ती टोपी आताही माझ्या डोक्यावर आहे. माझी मासेमारीची गुप्त जागाही तुम्हालाच: मोठ्या दुभंगलेल्या खडकापासून उत्तरेला बाहत्तर पावलं. हे वाचून झाल्यावर गुडवेगमावशीने हा आकडा विसरावा.

४. सुन्निवासाठी. माझं रेनडियरचं कातडं तिला द्यावं. दोघं पडलो होतो तिथले केस अजून दबलेले आहेत. काठी हाती लागली तर तीही, अर्थात ती तिचीच आहे. सुन्निवा, तू विचारलंस ते बरोबर होतं. राग तुझ्या बोलण्याचा नव्हता, ते खरं होतं याचा होता. बावीस वर्षांत मला पुष्कळ काही मिळालं, पण कोटाखालची ती पाच मिनिटं मिळाली नसती तर मला मागायचं काय तेच कळलं नसतं. उपकार आहेत तुझे. मी परत आलो तर हे सगळं मृत्युपत्र चुलीत घालावं, पण हे कलम मी तुझ्या दारात उभा राहून तोंडी म्हणणार आहे. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

५. गुडवेगमावशी साक्षीदार असल्यामुळे तिला काही देता येत नाही. त्रेचाळीस भोकांच्या तीन दिवसांत तिने मला सतरा वॅफल आणि बरणीतला आंबवलेला ट्राउट खाऊ घातला आणि एकदाही उपदेश केला नाही. आत्ता मात्र म्हणते आहे, "लिहून झालं असेल तर हातमोजे घाल, वाळलेत." आभार.

सही: आयलेव ब्रातेस्टोल
साक्षीदार १: गुडवेग मोएन
साक्षीदार २: तोरग्रिम हौगेन
ठिकाण: ब्लोवत्नची खोप. १४ मार्च, दुपारचे साडेबारा.

सहीनंतरची पुरवणी. दुसरं नाव पाहून वाचणारा बुचकळ्यात पडेल, म्हणून लिहितो. काकांनी कागद मागून घेतला, दुसरं कलम दोनदा वाचलं आणि म्हणाले, "पेन दे."

"काका, सही केलीत तर गिरमिट जाईल."

"माझ्याकडे आहे एक. धारही बरी आहे."

मग त्यांनी खुंटीवरचा दोर काढून माझ्या कमरेला बांधला. "कातड्यावर पोटाने सरपटत जायचं. टोक मी काठावर धरतो. उभा राहिलास तर दोर सोडून देईन."

"खरंच सोडाल?"

"नाही. पण राहू नकोस."

सबब दुसरं कलम रद्द झालं. गिरमिटाला आता वारस उरला नाही. ते वापरायला मलाच परत यावं लागणार. कागद कॉफीच्या डब्याखाली ठेवतो आहे. काका बाहेर बर्फावर काठी आपटून ऐकत उभे आहेत. मावशीची चूल पेटलेली आहे, ऊब बाहेर जायला नको. निघतो, आणि जाताना दार घट्ट ओढून घेतो.