तिच्या हातचं पान

५ नोव्हेंबर, मंगळवार

पत्रक सापडलं! आणि सापडलं ते नेमकं हिनं जुळवलेलं.

दुपारी छापखान्यात पोलिसांचा साहेब आला, बरोबर दोन शिपाई. एका हातात आमचं चोरून छापलेलं प्रार्थनेचं पत्रक, दुसऱ्या हातात आमच्याच छापखान्याची साबणाची जाहिरात. दोन्हींत तोच एक मोडका खिळा, म्हणजे छपाईचं शिशाचं अक्षर, खालचा पाय तुटलेला. खिळे जुळवणाऱ्या आम्हां पाचही जुळाऱ्यांना भिंतीशी उभं केलं. म्हणाला, "हे ज्यानं जुळवलं त्यानं सोमवारपर्यंत माझ्याकडे यावं. नाहीतर छापखान्याला टाळं आणि पाचही जण आत."

साहेब गेल्यावर शेजारचा जुळारी, ज्याला आम्ही भोंगा म्हणतो, म्हणाला, "मला दारूसाठी धरा की! प्रार्थनेसाठी धरलं तर घरी बायको विश्वास ठेवायची नाही." सगळे हसले. मग आपापल्या पेट्यांकडे वळले.

बाकीच्या चौघांपैकी एकही आमच्यातला नाही. प्रार्थना करणारा मी एकटाच.

६ नोव्हेंबर, बुधवार

नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं थाऱ्यावर येईल.

उन्हाळ्यात पोलिसांनी आमच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना नेलं. प्रार्थनाघराला सील लागलं. तेव्हापासून पत्रकं. दर पंधरा दिवसांनी एक पान — शास्त्रातला एक उतारा आणि एक प्रार्थना. घरोघरी हातोहात जातं. खिळे मी जेवणाच्या डब्यातून आणायचो, घरी टेबलावर जुळवायचो, रूळ फिरवून ठसे काढायचो. अकरा पत्रकं अशी गेली, कुणाला वास लागला नाही. बाराव्याच्या वेळी मी तापानं पडलो. ही म्हणाली, "बघून बघून येतं मला." जुळवलं तिनं. अक्षरं कमी पडली, तेव्हा मोडीत काढलेल्या खिळ्यांच्या पुडीत हात घातला. वितळवायला द्यायची म्हणून ती पुडी घरी मीच आणून ठेवली होती.

जुळारी मोडका खिळा लावत नाही. आंधळा झाला तरी बोटाला कळतं. तिला म्हटलं, "अगं, साबणाच्या जाहिरातीत पाय तुटला म्हणून तो टाकलेला होता." तर म्हणते, "वाचता येतंय ना? मग टाकायचा कशाला?"

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज तिला सांगितलं — सोमवारी मी जाणार.

"तुम्ही कशाला? चूक माझी, निस्तरणार मी."

"पुडी कुणी आणली?"

"आणि हात कुणी घातला?"

"बरं, तू गेलीस तर आजींना कोण उचलणार?"

"तुम्ही."

"आणि आंघोळ?"

तेवढ्यात आतून आजी ओरडल्या, "मला एकदाच बुडवून काढा आणि मिटवा!"

आजी म्हणजे पाळकांच्या आई. पाळकांना नेल्यापासून आमच्या मागच्या खोलीत आहेत. कमरेचं हाड मोडलंय, कुशीवर वळवायचं तरी दुसऱ्यानंच. ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर येतं. पाठीवर जखमा झाल्यात. त्या फक्त हिलाच हात लावू देतात.

ही वही त्यांच्याच गादीखाली असते. तिथं झडती घ्यायची कुणाची छाती होईल असं वाटत नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

मिठाच्या गोदामातल्या हमालाची कपड्यांची पिशवी आज घरी आली. फक्त पिशवी. आमच्यातलाच तो, जूनमध्ये नेलं होतं त्याला. आतापर्यंत नेलेल्यांपैकी माणूस एकही परत आलेला नाही. पिशव्या येतात.

१० नोव्हेंबर, रविवार

मागच्या खोलीत तिघांची उपासना. आजींचा सूर एकीकडे, गाणं एकीकडे.

मला एक गोष्ट सुटत नाही. "हे मी जुळवलं" असं उद्या सांगेन, ती खोटी साक्ष नाही का? गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो. मास्तर पट्टी मारायचे ती उत्तर चुकल्याबद्दल नाही, दुसऱ्याचं उत्तर आपलं म्हणून दाखवल्याबद्दल. ते हातात बसलंय. शिवाय पाळक म्हणायचे, "मरण शोधत जाऊ नका. तो गर्व असतो. बोलावणं आलं तर मात्र मागे वळू नका." मग हे बोलावणं माझं की तिचं?

मनाशी म्हणतो, बारांतली अकरा माझीच ना? मी काही निर्दोष माणूस दोषी म्हणून पुढे करत नाही. पण हे वकिलासारखं झालं. देवापुढे वकिली करायला लाज वाटते.

लहानपणी धर्मासाठी जीव देणाऱ्या रक्तसाक्षींच्या गोष्टींचं एक फाटकं पुस्तक होतं घरात. सिंह, आग, तलवारी. चित्रांत सगळ्यांची नजर वर. पाठच्या खोलीत कुणाची म्हातारी आई पडलीय असं एकाही चित्रात नव्हतं. मला वाटायचं, वेळ आली की वरून काहीतरी उतरत असेल, उजेड वगैरे. वेळ आली. उजेड नाही.

संध्याकाळी आजींना विचारलं, पाळकांना नेलं तेव्हा ते काय म्हणाले?

"म्हणाला, आई, दूध उतू जातंय."

"आणखी?"

"आणखी काय? खरंच जात होतं."

११ नोव्हेंबर, सोमवार

परत पाठवलं! लिहायलाही विचित्र वाटतं.

सकाळी गेलो. सांगितलं, "पत्रक माझं." साहेब लगेच मानेल, बेड्या घालेल असं वाटलं होतं. त्यानं चहा मागवला. खोलीत एक निवृत्त जुळारी बसवलेला, चष्म्याच्या काड्या दोऱ्यानं बांधलेल्या. समोर खिळ्यांची पेटी. "जुळव पाच ओळी," साहेब म्हणाला.

वाईट जुळवायचं ठरवूनच बसलो. पण हात ऐकेना! पहिली ओळ मुद्दाम ढिली सोडली. दुसरी जुळवताना बोट आपलं आपण मागं गेलं आणि पहिली घट्ट करून आलं. मोडका खिळा हाती लागला, तो मी न बघताच बाजूला टाकला.

म्हाताऱ्यानं ठसा डोळ्यांजवळ धरला. म्हणाला, "साहेब, हा हात तीस वर्षांचा आहे. तुमच्या पत्रकाचा हात तीन महिन्यांचाही नाही."

खरं लिहायचं तर क्षणभर छाती फुगली. जीव द्यायला गेलो आणि कारागिरीचं कौतुक ऐकून खूश झालो. असला रक्तसाक्षी!

"कुणाला पाठीशी घालतोयस?"

"कुणाला नाही साहेब. ताप होता तेव्हा. हात सुजला होता."

ताप खरा. हात खोटा.

"मग गुरुवारी सुजलेला हात घेऊन ये," साहेब म्हणाला. "इथं बसून हेच पत्रक जुळव. माझ्या म्हाताऱ्याला पटलं तर तुझं. नाही पटलं तर झडती तुझ्या घरापासून."

निघताना म्हातारा जिन्यापर्यंत आला. हळूच म्हणाला, "बाबा, चांगला हात आहे तुझा. कशाला मरतोस?" मी नमस्कार केला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

जमत नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज कामावर गेलो नाही. दिवसभर टेबलाशी. समोर तिचं पत्रक, हातात स्टिक, खिळे ओळीत लावायची पट्टी. चाळीस वेळा तरी जुळवलं आणि मोडलं.

सव्वीस वर्षं हिच्या हातचं जेवलो. हिच्या हातचं जुळवायला आज शिकतोय. आधी वाटलं, नवशिक्याचं काम, चुका करत गेलं की झालं. तसं नाही. तिच्या चुकांना चाल आहे. ओळीच्या शेवटी शब्द मावत नसेल तर ती तोडत नाही, अख्खा खाली घेते आणि वरची ओळ लंगडी सोडते. 'प्रभू'च्या आधी जागा मोठी — मोठ्यानं वाचताना तिथं ती श्वास घेते, तेच हातात उतरलंय. स्वल्पविरामानंतर जागाच नाही. दोन वाक्यांत थांबायला तिला वेळ नसतो, बोलतानाही नसतो. मी एवढी वर्षं ऐकलं, पण लक्षात आलं ते आज, शिशाच्या खिळ्यांत.

संध्याकाळपर्यंत हात जरासा वळला. मोडका खिळा लावताना बोट अजून अडतं. जुळारी म्हणून आयुष्यभर काही कमावलं असेल तर ते अडणंच. तेही ठेवून जायचं. माणूस जीव द्यायला तयार होतो आणि चांगलं काम सोडवत नाही, हे कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

खोट्या साक्षीचं उत्तर मिळालेलं नाही. प्रार्थना केली, "प्रभू, खोटं बोलायला जातोय. माझ्याकडे बघ, नियमाकडे नंतर बघ." बरोबर होती का माहीत नाही.

हिनं आपली पिशवी भरून ठेवलीय — दोन जोड कपडे, कंगवा, शास्त्र. जेवायला वाढताना एकच वाक्य, "उद्या तुमच्याआधी मी पोचते तिथं."

तिला अडवायचं कसं? दाराला कडी घालून? आजींना म्हटलं, तुम्ही सांगा तिला. आजी म्हणाल्या, "माझ्यासाठी थांब, असं सांगू? माझ्या मुलालासुद्धा मी थांब म्हटलं नाही." मग भिंतीकडे तोंड केलं. वळवायला कुणी लागलं नाही, तोंड तेवढं त्यांना वळवता येतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळचे सात. ही माझ्याआधी तयार. अंगावर शाल, हातात पिशवी. दाराकडे जाताना माझा कालचा शेवटचा ठसा टेबलावर दिसला, तो उचलला. उभ्यानंच वाचला. शेवटपर्यंत गेली, पुन्हा वर आली.

आतून आजींनी पाणी मागितलं. ती पिशवी ठेवून गेली, देऊन आली. मग खुर्ची ओढून बसली, पेन्सिल घेतली.

"पूर्णविरामाच्या आधीही मी जागा सोडते. ते तुम्ही विसरलात."

सहा ठिकाणी खुणा केल्या. शाल काढून खुंटीला अडकवली.