नळी ओळंब्यात आहे

५ मे १९८६, सोमवार
डायलिसिस झालं. शीण आहे, भीती नाही.
ई.एस.आर. १०४. म्हणजे नळीत उभं केलेलं माझं रक्त तासाभरात एकशे चार मिलिमीटर खाली बसलं. डॉक्टर म्हणाले, किडनीच्या रोग्यांत आकडा चढाच असतो, पण हा फार. अंगात कुठेतरी सूज आहे. मी ‘शोथ’ शब्द सुचवला. त्यांना आवडला नाही. ती सापडून बरी होईपर्यंत थोरल्या बहिणीचं, रुखमाताईचं, मूत्रपिंड मला बसवणार नाहीत. मुंबईच्या ऑपरेशनची तारीख २० जून.
कुठे दुखतं का, म्हणाले. नाही म्हणालो. दाढेचं त्यांनी वेगळं विचारलं नव्हतं.
आकडा चुकला असणार. वीस वर्षं वार्ताहर आहे. आकडे कसे चुकतात हे मला कोणी शिकवू नये.

८ मे, गुरुवार
लॅबमधल्या लहानूला विचारलं. म्हणाला, “नळी वाकडी असली का रक्त भरभर बसते, साहेब. गरमीतबी बसते.” दोन्ही कारणं उत्तम. मन हलकं झालं. दाढेत लवंग.

१२ मे, सोमवार
शेजारच्या बळीराम मिस्त्रीचा ओळंबा मागून लॅबमध्ये नेला. लहानू म्हणाला, “काहून साहेब, भिंत बांधून राहिले का?” नळीशेजारी धरला. नळी सरळ. कूलरमुळे खोली गार.
११२.
लहानूचं घड्याळ संशयास्पद.

१५ मे, गुरुवार
रेडिओच्या वेळेवर लावलेलं माझं घड्याळ घेऊन नळीसमोर बसलो. लाल खाली जातं, वर पिवळं पाणी उरतं. चाळीस मिनिटांनी बघवेना. उन्हातून आल्याचा परिणाम.
११८. घड्याळं जुळली.
संकल्प : डावीकडूनच चावणे. दंतवैद्याचं नाव नको. आमच्यासारख्यांचं रक्त म्हणे थांबत नाही. कोण म्हणालं, आठवत नाही. शिवाय ताई बावन्न वर्षांची. तिच्यासाठी तरी ऑपरेशनची घाई बरी नव्हे.

१९ मे, सोमवार
गाल सुजला. लू लागू नये म्हणून रुमाल बांधून गेलो. डॉक्टरांनी रुमाल सोडवला, बॅटरी मागवली, आ करायला लावलं. दाढेच्या मुळाशी पू. आज डायलिसिसचं, रक्त गोठू न देणारं औषध रक्तात आहे, म्हणून उद्या काढणार.
किती दिवस दुखतंय, असं विचारलं. मी विचार करतोय तोच बरोबर आलेली ताई म्हणाली, “होळीपासून. तवापासून भात मऊ शिजवून देऊन राहिली मी त्याले.”
मग बोलला का नाहीत, डॉक्टर म्हणाले.
ताई माझ्याकडे वळली. “तू सांगशील म्हणून थांबली. अन् आकडा उतरला का तारीख येते. मलेबी भेव लागे ना गा, चंपत.”
रिक्षात तिला म्हणालो, घाबरू नकोस. ती म्हणाली, “तू नाही घाबरत तं मी काहून घाबरू?”
मी रुमाल पुन्हा गालाला बांधला.

२० मे, मंगळवार
दाढ निघाली. रक्त पाऊण तासात थांबलं. आकडा उतरला तर तारीख कायम.
बळीरामला ओळंबा परत केला. कशाला लागला होता, विचारत होता. तोंडात कापूस होता, सबब सुचेना.
भीती वाटत होती म्हणून, असं सांगितलं.