शनिवारची कलमं

प्रिय टिल्ल्या,

हे पत्र तुझी बहीण घेऊन येईल. तिच्याशी भांडू नकोस, ती तुझ्यावर आणि माझ्यावर सारखीच तापली आहे. मी स्वतः येऊन बोललो असतो, पण तू माझा जबडा दोन ठिकाणी मोडलास आणि डॉक्टरांनी तो तारेने आवळून बंद केलाय. पोटात जे काही जातं ते नळीने जातं. लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोला सलग बोलायला मिळतंय आणि ती संधी सोडत नाहीये.

तू फावडं उचललंस तेव्हा मला वाटलं, नुसता धाक दाखवतोयस. वर्गात सगळ्यांत बुटका म्हणून तुला हे नाव पडलं, त्या टिल्ल्याचा दांडा एवढ्या जोरात बसेल हे डोक्यातच आलं नाही. पहिल्याच तडाख्यात दात खिळखिळे झाले. दुसरा खांद्यावर बसला. मी पडलो तरी तू लाथा घालत होतास, आणि रडत होतास. माझ्या पिशवीतले नमुने टाचेखाली चिरडलेस. तुझ्या कलमांच्या वाफ्यात रक्त गिळत मी पडलो होतो, आणि खरं सांगतो, हाताशी कोयता असता तर मी तुझा पाय तोडला असता.

मी तुझ्या वाईटावर आलो नव्हतो रे. सरकारने आमच्या प्रयोगशाळेकडचं रोपं तपासायचं काम बाहेरच्या संस्थेला दिलं, तेव्हापासून आम्ही फक्त त्यांच्या अहवालावर शिक्का मारतो. त्यांची माणसं गाडीतून उतरतात, पानाच्या कडेचा गोल तुकडा पाडून घेतात आणि निघतात. हा रोग लपतो देठात आणि मधल्या शिरेत. कडेला काय सापडणार, डोंबल? त्यांच्या दाखल्यावर तुझी संत्र्याची कलमं ठणठणीत आहेत. मी गुपचूप देठ नेऊन दोनदा तपासले. तुझी सगळी रोपवाटिका रोगी आहे. वर कळवलं, तर साहेब म्हणाले की तपासणी आता आपलं काम नाही. म्हणून कलमं जाळून टाक, असं सांगायला तुझ्याकडे आलो.

तुझे वडील आठव. त्यांच्या बागेत रोग निघाला तेव्हा अहवाल आमचा होता. त्यांनी झाडं पाडायच्या यंत्राला फाटकात शिरू दिलं नाही, स्वतः कुऱ्हाड घेतली. फळांनी लगडलेली झाडं एकेक करून आडवी केली. तळहातांची सालटी दांड्याला चिकटली तरी थांबेनात. अडवायला गेलेल्या गड्याला त्यांनी त्याच दांड्याने हाणलं. तू बांधावर बसून स्वतःचंच मनगट चावत होतास. त्या कत्तलीमुळे आजूबाजूच्या बागा वाचल्या, पण ते माणूस काही सावरलं नाही. ते पुन्हा बघायला लागू नये म्हणून तू मला मारलंस, हे मला कळतं. राग मात्र गेलेला नाही, आणि इतक्यात जाणारही नाही.

आता मुद्द्याचं. घरच्या जिन्यावरून पडलो, असं मी हवालदाराला लिहून दिलं होतं. तो घर बघून गेला. आमचं घर बैठं आहे, जिना आणायचा कुठून? उद्या तो पुन्हा जबाब घ्यायला येतोय. शनिवारी विक्रीची कलमं भरून तुझी गाडी निघाली, की ती जिथे जातील तिथल्या बागा मरतील, आणि ती गाडी अडवायचा अधिकार आता आमच्याकडे उरलेला नाही. पण तू कोठडीत असलास तर गाडी भरायला फाटक कोण उघडणार? तेव्हा आज संध्याकाळपर्यंत सगळी कलमं उपटून जाळ. आमच्या खिडकीतून तुझी रोपवाटिका दिसते. धूर दिसला, तर मी आपला पडलोच, हवालदार काहीही म्हणो. नाही दिसला, तर तुझं नाव सांगेन आणि फावडं कुठे टाकलंस तेही सांगेन. साक्षीला तुझी बहीण उभी राहील. तिने फाटकातून सगळं पाहिलंय, आणि ती तयार आहे.

मार खाऊनही तुझाच,
भावोजी