गुलाब सरबताच्या बाटलीतलं तेल

ती. देवीदासमामांना,

नितेशचा दंडवत. (लांबूनच घ्या. जवळ आलो तर तुमी कान धरसान, अन् पत्र वाचून झाल्यावर दोन्ही धरसान.) मामी कशी हाये? तुमचा गुडघा? तिकडं गुजरातेत चढू-उतरू नका म्हटलं असतं, पण तुमची नोकरीच तेलाच्या विहिरीचे नमुने भराची, मंग सांगून काय फायदा! आमी इथं मजेत हावो. म्हंजे मी सोडून.

फोन केला असता, पण मोठेबाबा हल्ली सगळ्याईले फोन स्पीकरवर ठेवाले लावते. त्याईले घरातल्या मांजरीवरही शक हाये. म्हणून हे पत्र बाटलीभोवती गुंडाळून, वरून पेपर लावून, ट्रॅव्हल्सच्या डायवरजवळ देऊन राहिलो. (डायवरचेही डोये मले बरोबर वाटत नाहीत.)

आता बाटलीचं. मोठेबाबानं मले चार दिवस गाडीची चाबी देल्ली नाही. म्हणून मी येवढंच केलं, का बोअरचा जो पाइप टाक्यात पडते, त्याच्या तोंडातून लिटरभर डिझेल ओतलं. सकायी मोटर चालू केली तर पहिल्याच धारेले इंद्रधनुष्य! मले वाटलं, शिव्या देतीन. ते मटकन बसले अन् मोठ्या आईले हाक मारली, "मैना, आपल्या वावरात तेल निंगालं व!"

तिथून माणूस हातचा गेला. वांग्याचं पाणी बंद. शेजारच्या पुंजारामभाऊनं मोठेबाबाले सहज विचारलं, "काहून खुशालराव, मोटर बंद?" तर दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावर काटे टाकले. अन् आरतीताईचं लग्न, अकोल्याच्या महादेवरावाच्या पोराशी ठरलेलं, भाजीचं दुकान हाये त्याईचं, ते थांबवून ठेवलं. म्हणे, "तेलवाल्याची पोरगी मेथीच्या जुड्या बांधीन काय?" ही बाटली तपासून तुमचा निकाल आला का ठरवतीन. माझ्या एका लिटरानं बहिणीचं लग्न मोडते मामा. जेवण जात नाही. (दोन पोळ्या कमी.)

नमुना मीच भरला. सरकारी माणूस तेल चोरीन म्हणे. मी मनातून खूश. तुमी दिवाळीत सांगतलं होतं ना, पाइपात पडून राहिलेला माल खरा नसते, तो वाहू द्याचा, खालचा ताजा आला का मंगच भराचं. मी तासभर मोटर चालवली. मोठेबाबा बोंबलून राहिले, "अबे, माहं तेल वाहवून राहिला बे! कोणाचा माणूस हायेस तू?" धार काचेसारखी साफ झाली. मी वंजळभर पेलो. मंग सरबताच्या बाटलीत भरलं, अन् बाटलीत पुन्हा इंद्रधनुष्य! मोठेबाबानं तिथंच बुच लावलं, मेणबत्तीचं मेण ओतलं, वरून अंगठा मारला.

कोणाचं काम हाये हे? बुच लावेपर्यंत मोठेबाबाचा हात बाटलीले लागला नाही. पुंजारामभाऊ काट्याच्या पलीकडं. तुमी? (दिवाळीत बोअरभोवती दोनदा फिरले होते. मी विसरलो नाही.) का खरंच खाली तेल हाये?

काहीही करा, बाटली न उघडता कळवा का तेल नाही. ताईचं लग्न वाचवा.

तुमचा भाचा,
नितेश

ता. क. : बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळाची, हेही तुमी सांगतलं होतं. मी विसळली नाही. आरतीताईनं आणून देल्ली अन् म्हणे, "मी धुऊनच आणली, उगा टाइम नको घालू." आत्ता आठवलं.

दुसरा ता. क. : ताईले विचारून आलो. म्हणे, "लिटर तुह्यं, बाटलीतले चार थेंब माहे. तू बोलला त मीबी बोलीन." वीस तारखेले अमरावतीले पोलीस भरतीचं ग्राउंड हाये तिचं. चार महिन्यांपासून अंधारात उठून पळून राहिली. लग्न लागलं का कोण पळू देते? तवा वरचं सारं खोडा. खोटं लिहू नका, मामा. तेल हाये म्हणू नका, नाही म्हणू नका. फक्त "शक हाये" येवढंच लिहा. मोठेबाबाले तेवढं वीस तारखेपर्यंत पुरते.