पुस्तकं मिटलेला रविवार

प्रिय आईस,
तुझ्या धाकट्याचा सलाम.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं, गोदामातलं काम अंगवळणी पडलंय. तुझा गुडघा कसा आहे? बादल्या ताईला उचलू दे.

रविवारी इथल्या चर्चमध्ये उपासनेला जातो, काळजी करू नकोस. पण इथल्या गाणं सांगणाऱ्या बाईंना माझं गुपित कळलंय, असा मला संशय येतोय. इथली लिपी मला वाचता येत नाही, म्हणून मी गीतांचं पुस्तक उघडून नुसते ओठ हलवायचो. कुणाला पत्ता नव्हता. परवा बाईंनी सगळ्यांनाच पुस्तकं मिटायला लावली. त्या एक ओळ म्हणणार, आम्ही मागून म्हणायची. तेही ठीक. पण शेवटी थेट माझ्यापाशी आल्या. "पुढच्या महिन्यात तुमच्या घरचं गाणं तुम्ही सांगा, आम्ही मागून म्हणू."

माझ्या शेजारी बसलेला वेल्डर फिसकन हसला. बाहेर मी त्याला गाठलं, "चहाडी तूच केलीस ना?"

तो म्हणाला, "अरे शहाण्या, मला तरी कुठे वाचता येतं? मला वाटलं, तूच माझं नाव सांगितलंस!"

मग उरलीस तू. खरं सांग, आपल्या पाळकांकडून इथे काही कळवलंस का? मी रागावणार नाही. थोडाच रागावेन.

गाणं तुझंच घेतोय, भांडी घासताना म्हणतेस ते. पण मला पहिलंच कडवं येतं. बाकीची ताईकडून लिहून लवकर पाठव, नाहीतर अख्खी मंडळी माझ्यामागून तेच तेच म्हणत बसेल.

ताईला सलाम.

तुझा,
धाकटा